स्टॉपरला तेविसाव्या वर्षापर्यंत खेळू द्या: नागपूरच्या फुटबॉल कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर जिल्ह्यातील फुटबॉल क्लबांचे सचिव व प्रशिक्षक, लीग चालवणारे पदाधिकारी, शाळा-महाविद्यालयांचे क्रीडाशिक्षक आणि कार्यालयीन संघांचे क्रीडा सचिव यांस,

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या लीगमध्ये मी स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा, म्हणून खेळलो. आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांसोबत किंवा विरुद्ध खेळलो आहे, काहींच्या हाताखाली शिकलो आहे. मागणी एकच आहे. बचावात खेळणाऱ्या मुलाचा निकाल सतराव्या-अठराव्या वर्षी लावू नका. तेविसाव्या वर्षापर्यंत तो सामने खेळत राहील अशी व्यवस्था आपल्या जिल्ह्यात करा.

शाळेत असेपर्यंत सगळं बरं चालतं. शाळांची देशपातळीवरची स्पर्धा, सुब्रतो कप, 1960 पासून सुरू आहे. त्याच्या जिल्हा आणि विभागीय फेऱ्यांसाठी नागपूर-कामठीतल्या शाळा संघ उभे करतात, क्रीडाशिक्षक उन्हातान्हात पोरांना घेऊन फिरतात. मग सतरा वर्षांखालची मर्यादा संपते, बारावी होते, आणि मुलापुढे एकदम मोठ्यांची लीग उभी राहते. गोल करणाऱ्या पोराला कोणताच क्लब सोडत नाही. शिवाय आजूबाजूच्या गावांत स्पर्धा भरवणारे त्याला पाहुणा खेळाडू म्हणून बोलावतात, हातावर काही पैसे ठेवतात. गोलकीपर मुळातच कमी, म्हणून त्यालाही कोणीतरी धरून ठेवतं. स्टॉपरच्या जागेवर मात्र क्लबाकडे तिशीतला, नोकरीत स्थिरावलेला, मुरलेला माणूस असतो. अठरा वर्षांचं पोरगं त्याच्यामागे बाकावर बसतं. एक हंगाम बसतं, दुसरा बसतं. तिसऱ्या हंगामात ते पोलीस भरतीसाठी 1600 मीटर पळत असतं, बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्ट करत असतं किंवा पाठीवर पिशवी अडकवून शहरभर जेवणाची पार्सलं पोहोचवत असतं. या कामांत कमीपणा मुळीच नाही. घर चालवायचं तर ते करावंच लागतं. पण त्या पोराला सोडून दिलं तेव्हा तो कसा खेळाडू होणार होता हे आपल्यापैकी कोणालाच कळलेलं नव्हतं, कारण ते कळायचं वयच अजून आलेलं नव्हतं.

तिशीतल्या स्टॉपरवर आपले प्रशिक्षक विश्वास टाकतात ते बरोबरच आहे. तो शहाणा झालेला असतो. मग विशीतल्याला शहाणं होण्यासाठी जागा कुठे ठेवली आहे?

पुढे खेळणाऱ्याचं आणि मागे खेळणाऱ्याचं शिकणं वेगळ्या गतीने होतं. सोळाव्या वर्षी ज्याच्या पायात वेग आहे, ड्रिबलिंग आहे, तो मोठ्यांच्या सामन्यातही पाचातून एकदा सुटतो आणि तेवढ्यावर त्याचं नाव होतं. स्टॉपरला पाचही वेळा बरोबर जागी असावं लागतं. समोरचा बॉल घेऊन येतोय तेव्हा त्याच्या अंगावर जायचं, की अंग तिरकं ठेवून दोन पावलं मागे सरत त्याला कडेला, कमकुवत पायाकडे वळवायचं? आपला उजवा बॅक वर गेलाय, तर त्याच्यामागची मोकळी जागा कोण धरणार? ऑफसाईडसाठी बचावफळीची लाईन वर न्यायची हाक नेमकी कधी द्यायची? कॉर्नरला बॉलवर नजर ठेवून अंगावरचा माणूस सुटू कसा द्यायचा नाही? हेडरने बॉल उंच आणि कडेला काढायचा असतो. मधोमध पडला तर समोरच्याचा मिडफिल्डर तिथे टपलेलाच असतो. हे सगळं शंकूंमधून पळवून येत नाही. सामन्यात चुकून, गोल खाऊन, पुढच्या रविवारी परत त्याच जागेवर उभं राहून येतं. नवशिक्या पोरांना घसरून टॅकल करायची हौस असते, कारण ते दिसतं, टाळ्या पडतात. मुरलेला स्टॉपर क्वचितच जमिनीवर जातो. त्याने बॉल कुठे येणार हे आधीच ओळखलेलं असतं.

सगळ्यांत उशिरा येतो तो आवाज. मागची फळी बोलण्यावर चालते. अठरा वर्षांचं पोरगं तीस वर्षांच्या फुलबॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूवर, ओरडायला धजत नाही. आपल्याकडे तर मोठ्या माणसाशी चढ्या आवाजात बोलायचं नसतं हे घरातच शिकवलेलं. "भाऊ, जरा आत येता का" म्हणेपर्यंत समोरचा विंगर आत घुसलेला असतो. हा संकोच जायला हंगाम लागतात, आणि ते हंगाम मैदानावर काढावे लागतात. बाकावर बसून काढलेले त्यात धरता येत नाहीत.

देशातली उदाहरणं पाहा. अनस एडाथोडिका हा केरळच्या मलप्पुरमचा मुलगा. घराला हातभार लावायला त्याने रिक्षाही चालवली. 2007 मध्ये तो मुंबई एफसीकडे आला. क्लब नवा होता, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता. तिथून आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची सर्वोच्च लीग, मग पुणे एफसी. महाराष्ट्राच्या दोन क्लबांकडून वर्षानुवर्षं शांतपणे स्टॉपर खेळून तो तयार झाला. भारताकडून पहिला सामना खेळला तेव्हा 2017 साल उजाडलं होतं आणि त्याला तिसावं पूर्ण झालं होतं. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने खेळाडू निवडायच्या फेरीत, जमशेदपूरने पहिलं नाव त्याचं घेतलं. आपल्या हिशेबाने चाललं असतं तर हा माणूस विसाव्या वर्षीच खेळातून बाहेर गेला असता.

राहुल भेके मुंबईचा. त्याचा जन्म 1990 चा आणि राष्ट्रीय संघातलं पदार्पण 2019 चं. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत आयएसएलचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि 117 व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून त्याने बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं. 2022 मध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत भारतीय क्लबाचा तो पहिला विजय, आणि तिथेही निर्णायक हेडर भेकेचाच. मला एक गोष्ट मात्र टोचते. आपल्याला बचावपटू आठवतात तेही त्यांनी केलेल्या गोलांसाठी. 1962 च्या जकार्ता एशियाडचे जर्नेल सिंग घ्या. डोक्याला जखम असताना अंतिम सामन्यात त्यांना पुढे खेळवलं, त्यांनी दक्षिण कोरियावर गोल केला आणि भारताने 2-1 ने सुवर्ण जिंकलं. ते आठवायलाच हवं. पण ते आशियातल्या सर्वोत्तम स्टॉपरांपैकी एक होते, 1966 मध्ये आशियाई ऑल स्टार संघाचे कर्णधार होते, ते गोल अडवण्यासाठी. अडवलेल्या गोलाची आठवण ठेवायची कोणतीच सोय आपण केलेली नाही, हे पुढे नोंदींच्या मुद्द्यावर परत येईल.

आता हा पोरगा जिथे पोहोचू पाहतो तिथलं चित्र. 2014 मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. 2017-18 मध्ये ही संख्या पाचावर आली, 2021-22 मध्ये चारवर. क्लब परदेशी जागा कुठे वापरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे: स्ट्रायकर, मिडफिल्डचा मध्य आणि स्टॉपर. म्हणून आपली बरीच मुलं स्टॉपर असूनही फुलबॅक होतात. संख्या कमी होत गेली तशी जागा थोडी मोकळी झाली हे चांगलं झालं, पण त्या जागेवर उभं राहायला पंचवीस वर्षांचा, शंभरेक चांगले सामने अंगावर घेतलेला स्टॉपर लागतो. तो येणार कुठून?

पूर्वी महाराष्ट्रात त्याची सोय होती. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. तो क्लब 2010 मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी या कार्यालयीन संघांना 2013 मध्ये आय-लीगमधून बाहेर काढलं, कारण स्वतंत्र क्लबाचे निकष ते पूर्ण करत नव्हते. निकषांचं कारण मला समजतं, पण त्या दोन संघांसोबत पगारी नोकरी करत वरच्या लीगमध्ये खेळण्याची वाटही गेली. पुणे एफसी 2015 मध्ये आय-लीगमधून गेला, मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. आज देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये महाराष्ट्राचा एकच क्लब आहे, मुंबई सिटी. ज्या दोन क्लबांनी अनसला घडवलं ते दोन्ही आता नाहीत.

वरचं मजबूत आहे असंही समजू नका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला 2010 चा करार 2025 च्या डिसेंबरमध्ये संपत होता. पुढे काय याचा निर्णय वेळेत न झाल्याने जुलै 2025 मध्ये नवा हंगामच स्थगित करण्यात आला. काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगार थांबवले. भारताकडून खेळणाऱ्या खेळाडूंना जाहीर निवेदन काढून ‘आम्हाला खेळायचं आहे’ म्हणावं लागलं. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल 2009 ते 2022 या काळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. आपल्याच भागातला माणूस इतकी वर्षं त्या खुर्चीवर होता, तरी देशाच्या वरच्या दोन लीगमध्ये विदर्भाचा एकही क्लब उभा राहिला नाही. वरून काही उतरेल याची वाट पाहणं आपण सोडून द्यावं, असं मला यावरून वाटतं. जे करायचं ते जिल्ह्यालाच करावं लागेल, आणि आपला जिल्हा ते करू शकतो. 1821 च्या छावणीपासून वाढलेली कामठी इथे आहे. रब्बानी, राहुल, यंग मुस्लिम, रेल्वे, सिटी पोलीस या संघांच्या सामन्यांना रेशीमबागेत आणि मोतीबागेत आजही माणसं उभी राहून बघतात. विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन सुरू केलेलं ‘स्लम सॉकर’चं काम जगभर पोहोचलं, 2016 मध्ये स्लम सॉकरला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. या शहराला फुटबॉलची आच नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

मग सुरुवात निवड चाचणीपासून करू या, कारण आपली सर्वांत मोठी गळती तिथे होते. वीस मिनिटांचा सामना लावायचा, अनोळखी पोरांची फळी उभी करायची आणि कोण चमकतो ते बघायचं, ही पद्धत फॉरवर्ड निवडायला चालते. स्टॉपर त्यात हरतो. शेजारचा कोण हे त्याला माहीत नाही, लाईन ठरलेली नाही, मिडफिल्डमध्ये प्रत्येक जण स्वतःला दाखवण्यात गुंतलेला, त्यामुळे मदतीला मागे कोणी येत नाही. तो दोनदा उघडा पडतो आणि निवड करणारे नावावर फुली मारतात. त्याच मुलाने तिसऱ्यांदा धोका आधीच ओळखून पास कापला, हे कोणाच्या वहीत येत नाही, कारण काही घडलंच नाही असं दिसतं. चाचणीला आलेल्या बचावपटूंना आधी निदान तासभर चौघांची फळी करून एकत्र सराव द्या, मग किमान दोन पूर्ण सामने खेळवा, आणि त्यांना बघायला मागच्या जागांवर खेळलेला माणूस ठेवा. याला पैसा लागत नाही.

राज्य सरकारने 13 वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी ‘महादेवा’ प्रकल्प हाती घेतला आहे. लहान वयात मुलं शोधणं गरजेचंच आहे आणि विदर्भातली पोरं त्यात जावीत असं मला मनापासून वाटतं. तरीही तेराव्या वर्षी कोण चांगला स्टॉपर होईल हे जगातला कोणताही प्रशिक्षक खात्रीने सांगू शकत नाही. त्या वयात उंच असलेला पुढे तेवढाच राहतो आणि बुटका एकदम वाढतो. म्हणून जे तेराव्या, पंधराव्या, सतराव्या वर्षी निवडले गेले नाहीत त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायचं काम जिल्ह्याच्या लीगचं आहे.

त्यासाठी सामने हवेत. 2023-24 च्या आयएसएलमध्ये 12 क्लब होते आणि प्रत्येकाचे साखळीतच 22 सामने झाले. आपल्याकडचा पोरगा एकेरी साखळीत, म्हणजे प्रत्येक संघाशी एकदाच, खेळतो, त्यात बोटावर मोजण्याइतके सामने येतात, आणि त्यातले निम्मे तो बाकावर असतो. लीग दुहेरी साखळीची करा. मैदानं आणि पंच मिळत नाहीत ही अडचण मला माहीत आहे, म्हणून सगळ्या डिव्हिजन एकदम करा असं म्हणत नाही. वरच्या डिव्हिजनपासून सुरू करा. त्याच्या जोडीला 23 वर्षांखालच्यांची राखीव संघांची साखळी हवी. मोठ्या सामन्याच्या आधी त्याच मैदानावर, त्याच दिवशी, त्याच दोन क्लबांचे राखीव संघ खेळतील. पंच आलेले असतात, चुना मारलेला असतो. आणि नियम असा करा की मुख्य संघाच्या अकरा जणांत 23 वर्षांखालचे किमान दोघे हवेत आणि त्यातला एक मागच्या चौघांतला हवा. ही शेवटची अट अनेकांना आवडणार नाही. पण ती नसेल तर दोन्ही जागा विंगरना जातील, हे आपण सगळे जाणतो.

नोंदींबद्दल बोलू. आपल्या सामन्याच्या कागदावर गोल कोणी केला, पिवळं कार्ड कोणाला मिळालं एवढंच उरतं. कोणत्या बचावपटूने किती मिनिटं खेळली आणि तो मैदानावर असताना संघाने किती गोल खाल्ले, हे दोन रकाने वाढवा. बाहेरच्या क्लबाने विचारलं तर स्ट्रायकर गोलांचा आकडा सांगतो. स्टॉपरकडे सांगायला काही नसतं. तीन हंगामांचे हे दोन आकडे त्याच्या हातात असतील तर निदान बोलणं सुरू होईल.

कागदांचा मुद्दा इथेच येतो आणि तो मी थोडा लांबवणार आहे, कारण यात आपल्या क्लबांचंही नुकसान होत आलं आहे. फिफाच्या नियमांत व्यावसायिक खेळाडू कोणाला म्हणायचं हे स्पष्ट आहे: ज्याचा क्लबाशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चाहून जास्त पैसे मिळतात. बाकीचे हौशी. आपली बहुतेक पोरं हौशी, म्हणून नोंदणीकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. एका क्लबाकडून खेळतो, दुसऱ्याच्या नावावर नोंद, तिसऱ्याच्या जर्सीत स्पर्धा. आता हे पाहा. खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली तर रकमेच्या 5 टक्के वाटा त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक हंगामासाठी रकमेचा पाव टक्का, 16 ते 23 मधल्या प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का. 1 कोटीच्या व्यवहारात सोळा, सतरा आणि अठरा ही तीन वर्षं मुलगा आपल्याकडे नोंदलेला असेल तर दीड लाख रुपये. नागपूरच्या क्लबाला दीड लाखात वर्षाचे बॉल, जाळ्या आणि बूट येतील. याशिवाय खेळाडू पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा प्रशिक्षण भरपाईची वेगळी तरतूद आहे. हे हक्क नोंदणीच्या इतिहासावर ठरतात. नोंद नसेल तर तो मुलगा आपल्या मैदानावर लहानाचा मोठा झाला हे सांगूनही उपयोग होत नाही. आणि 12 ते 23 हा काळ फिफाने का धरला असेल? खेळाडू घडण्याचं वय त्यांनीही तेविसाव्यापर्यंत मानलं आहे.

पोराच्या बाजूने बघितलं तर करार वाचायला शिकवणं हे क्लबाचं काम आहे. बाहेरच्या क्लबाने बोलावलं की पोरगं हरखून जातं आणि दाखवतील तिथे सही करतं. अठरा वर्षांखालच्याशी तीन वर्षांहून लांब करार करता येत नाही. एरवी कमाल मर्यादा पाच वर्षांची. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवसांची मुदत देऊन खेळाडू करार मोडू शकतो, असं फिफाचे नियम 2018 पासून सांगतात. ट्रायल मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस भेटला तर त्याच्याकडे फिफाचा एजंट परवाना आहे का हे आधी विचारायचं. फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना 2006 पासून आहे. आमच्या मैदानावरच्या एकाही पोराने तिचं नाव ऐकलेलं नव्हतं.

गुडघ्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. भारताचा स्टॉपर संदेश झिंगनचं गुडघ्याचं लिगामेंट ऑक्टोबर 2019 मध्ये राष्ट्रीय संघाच्या शिबिरादरम्यान गेलं. पूर्ण हंगाम बुडाला. शस्त्रक्रिया झाली, फिजिओ होते, रोजचा व्यायाम ठरलेला होता. तो परत आला आणि 2020-21 चा महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी शिकवलेला एक मुलगा आहे. हेडरला उडाला, उतरताना पाय कडक जमिनीतल्या भेगेत गेला आणि गुडघा वळला. तेच लिगामेंट. स्पर्धा भरवणाऱ्यांकडे बर्फ आणि स्प्रे होता, त्यापुढे काही नाही. एमआरआयचे पैसे घरच्यांनी उसने काढले, शस्त्रक्रिया परवडली नाही. त्याने मलम चोळून, नी-कॅप चढवून पुढचा हंगाम खेळायचा प्रयत्न केला आणि गुडघा पूर्ण गेला. आज तो जिना उतरताना कठडा धरतो. उंच, डोक्याने शांत, डाव्या पायाचा स्टॉपर होता तो. असे फार कमी सापडतात.

हे टाळण्यासाठी जे करता येतं ते महाग नाही. ‘फिफा 11 प्लस’ नावाचा वॉर्म-अप आहे: 15 व्यायाम, वीसेक मिनिटं, साधन म्हणून फक्त बॉल. पळणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरणं, पोटाची आणि मांडीमागची ताकद. नियमित केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. लीगच्या प्रत्येक संघाला हा वॉर्म-अप सक्तीचा करा. नोंदणी फीमध्ये थोडी भर घालून सगळ्या खेळाडूंचा गट अपघात विमा काढा. मैदानावर सभा किंवा प्रदर्शन होऊन गेलं की खिळे, खड्डे आणि खडी उचलल्याशिवाय सामना लावायचा नाही, हा अधिकार पंचाला लेखी द्या. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन-चारला सामने ठेवू नका. 44-45 अंशांत मुलं भोवळ येऊन पडतात, आणि आपली काळी माती त्या दिवसांत सिमेंटसारखी होते.

नोकरीबद्दल थोडंच लिहितो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथे जिल्हा लीगचं प्रमाणपत्र चालत नाही. म्हणून राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडताना त्या एका निवडीवर मुलाचं आयुष्य ठरू शकतं, हे लक्षात ठेवून निवड करा. कार्यालयीन संघांच्या क्रीडा सचिवांना विनंती आहे की भरती निघाली की मागच्या फळीतल्या जागाही लिहून कळवा. रेल्वे आणि पोलीस संघांनी या शहरातले किती स्टॉपर पोसले ते आपल्याला माहीत आहे. मुलींच्या फुटबॉलमध्ये हे सगळे प्रश्न दुप्पट आहेत. त्यांच्यासाठी वेगळी लीग नीट चालवण्याचं एक स्वतंत्र पत्र लिहावं लागेल आणि ते एखाद्या खेळाडू मुलीने लिहावं.

पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू होण्याआधी क्लबांची एक बैठक बोलवा. विषय तीनच ठेवा: 23 वर्षांखालच्यांची राखीव साखळी, सामन्याच्या कागदावरचे दोन रकाने आणि विमा. बाकीचं पुढच्या वर्षी घेऊ. नोंदणी, करार आणि दुखापतीचे नियम पोरांना आणि त्यांच्या आईबापांना समजतील अशा मराठीत दोन पानांत लिहून आणण्याची जबाबदारी मी घेतो. हिंदी मसुदाही करीन. कामठीच्या क्लबांपैकी कोणी उर्दूत करून दिला तर तिन्ही भाषांतली पत्रकं एकदमच छापता येतील.

आपला,
नागपूरच्या लीगमधला एक माजी स्टॉपर